चार मेणबत्त्या आणि गिळलेला ‘ह’

पत्र

दहावीपर्यंत माझं शिक्षण सांगलीत मराठी माध्यमात झालं, पुढे इंजिनिअरिंग केलं. गेली दोन वर्षं मी इंग्लंडमध्ये रेडिंगला एका विमा कंपनीत नोकरी करते. मेल, मीटिंग, रिपोर्ट, कशातच माझं अडत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत कोणी नुसतं ‘फोर कॅन्डल्स’ म्हटलं तरी अख्खं टेबल हसतं आणि मी कोरीच्या कोरी. घरी येऊन तेच सबटायटल लावून बघते. प्रत्येक शब्द कळतो, हसू मात्र येत नाही. ‘येस मिनिस्टर’ ही मंत्री आणि त्याच्या सचिवाची मालिका मला आवडते, पण त्या सचिवाची लांबलचक वाक्यं अर्ध्यावर सुटतात. व्याकरणाचं जाडजूड पुस्तक पुन्हा हातात घेऊ का? सुरुवात कुठून करू? आणि सगळे हसत असताना न कळता हसावं का? शाळेत संस्कृत घेतलं होतं, मार्कही चांगले पडले होते, पण इथे त्याचा काय उपयोग!
– स. कु., रेडिंग

उत्तर

ताई, व्याकरणाचं पुस्तक कपाटातच राहू द्या. तुमचं व्याकरण पक्कं आहे, ते पत्रावरूनच दिसतं. अडचण कानाची आहे. आपण मराठी माध्यमातली मुलं इंग्रजी शिकतो ते डोळ्यांनी, स्पेलिंगवरून. जे अक्षर लिहिलेलं असेल ते उच्चारायचं, अशी आपली सवय, कारण देवनागरीने आपल्याला तेच शिकवलेलं असतं. ब्रिटिश विनोदातल्या बऱ्याचशा कोट्या मात्र न उच्चारलेल्या अक्षरांवर उभ्या असतात. त्यातली दोन अक्षरं आधी ओळखून ठेवा: ‘र’ आणि ‘ह’.

‘र’चा नियम सोपा आहे. लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या बोलीत स्वरानंतर आलेला ‘र’ उच्चारत नाहीत. त्याच्यापुढे लगेच दुसरा स्वर आला तरच तो ऐकू येतो. म्हणून ‘फोर’चं होतं ‘फॉऽ’ आणि ‘फोर्क’चं ‘फॉऽक’. ‘ह’ची गोष्ट थोडी वेगळी. लंडनच्या कामगारवस्तीतल्या कॉकनी बोलीत, आणि इंग्लंडमधल्या इतरही अनेक बोलींत, शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गळून पडतो. ‘हॅन्डल’ म्हणजे ‘ॲन्डल’. हा गळलेला ‘ह’ त्या समाजात माणसाचा वर्गही सांगतो. शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये फुलं विकणाऱ्या मुलीला प्राध्यापक घोटून घोटून हेच उच्चार शिकवतो. पु. लं.नी त्याची ‘ती फुलराणी’ केली तेव्हा तिच्या बोलण्यातला हा वर्गभेद मराठीतल्या अशुद्ध मानल्या जाणाऱ्या बोलीत आणला. नाटक पाहिलं असेल तर प्रेक्षक कुठे आणि का हसतात हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आता ‘फोर कॅन्डल्स’कडे येऊ. ‘द टू रॉनीज’ या बीबीसीच्या कार्यक्रमातलं १९७६ चं हे प्रहसन. लिहिलं रॉनी बार्करने, जेराल्ड वायली या टोपणनावाने, कारण आपलं लिखाण नावामुळे नव्हे तर गुणांवर निवडलं जावं असं त्याला वाटायचं. हार्डवेअरचं दुकान आहे. गल्ल्यामागे रॉनी कॉर्बेट आणि गिऱ्हाईक म्हणून हातात यादी घेतलेला बार्कर. तो मागतो ते दुकानदाराला ‘फॉऽ कॅन्डल्झ’ ऐकू येतं, म्हणून तो चार मेणबत्त्या काढून ठेवतो. गिऱ्हाइकाला हव्या असतात ‘फॉऽक ॲन्डल्झ’, म्हणजे बागेतली माती उकरायच्या काट्याला बसवायच्या मुठी. हे दोन्ही शब्द एका दमात म्हणून बघा. ‘क’ आधीच्या शब्दाचा की पुढच्या, एवढाच फरक उरतो, आणि भरभर बोलताना तोही राहत नाही. आपल्या उच्चारात मात्र ‘फोर कॅन्डल्स’ आणि ‘फोर्क हॅन्डल्स’ यांची गल्लत व्हायची शक्यताच नाही. ‘र’ दोन्हीकडे खणखणीत, ‘ह’ ठळक. तुमच्या डोक्यात हे दोन शब्दप्रयोग एकमेकांच्या जवळ कधी आलेच नाहीत, तर हसू कुठून येणार?

पुढची यादीही त्याच कानाने ऐका. गिऱ्हाईक रबरी प्लग मागतं, बाथरूमसाठी. दुकानदार टबाच्या भोकाची बुचं काढतो आणि माप विचारतो. उत्तर येतं: तेरा अँपिअर. भारतात आपले प्लग सहा आणि सोळा अँपिअरचे, त्यामुळे ‘तेरा’ या आकड्याने आपल्याला विजेची आठवण होत नाही. ब्रिटनमध्ये घराघरातला तीन पिनांचा प्लग तेरा अँपिअरचा असतो. तुमच्या किटलीचा प्लग उलटा करून बघा, आकडा छापलेला दिसेल. मग ‘सॉऽ टिप्स’. करवतीच्या पात्यावर चढवायची टोपणं आणि दुखरी बोटं यांचा उच्चार एकच, म्हणून दुकानदार विचारतो, मलम पाहिजे का?

सगळ्यात बारीक काम त्यानंतर आहे. गिऱ्हाईक म्हणतं ‘ओज’. दुकानदार खुरपणीचा दांडा आणतो, तो नको. पाण्याचा पाइप आणतो, तोही नको. बायकांचे लांब मोजे आणतो, तेही नकोत. हवं असतं ते फाटकावर घराचं नाव लावायचं ‘ओ’ हे अक्षर. इंग्रजीत या पहिल्या तिन्ही वस्तूंच्या नावात ‘हो’ किंवा ‘होज’ आहे, आणि ‘ह’ गळला की ते सगळं एकच ‘ओज’ होतं. लगेच गिऱ्हाईक ‘पीज’ मागतं. आता दुकानदार शहाणा झालाय. अक्षरांची पेटी पुन्हा काढायला तो चडफडत शिडी चढतो आणि इकडे गिऱ्हाइकाला हवे असतात डब्यातले वाटाणे! इथे प्रेक्षकही दुकानदारासोबतच फसतो, कारण मागच्या उत्तरावरून त्यानेही अक्षरच धरलेलं असतं. नुसत्या समोच्चारी शब्दांची यादी करणं कोणालाही जमेल. अंदाजाची दिशा ऐन वेळी उलटवणं ही बार्करची कमाल.

सबटायटल लावूनही हसू का आलं नाही, तेही आता स्पष्ट होईल. सबटायटलला एकच स्पेलिंग लिहावं लागतं. ‘फोर्क’ लिहिलं की गुपित फुटलं, ‘फोर’ लिहिलं की दुसरा अर्थ डोळ्यांआड गेला. शिवाय डोळे पुढचं वाक्य आधीच वाचून टाकतात आणि कान मागे राहतात. म्हणून पहिल्या वेळी सबटायटल बंदच.

नियम पक्का बसलाय का हे बघायला एकच वाक्य पुरे. ‘कॅरी ऑन क्लिओ’ या १९६४ च्या चित्रपटात केनेथ विल्यम्सचा ज्युलियस सीझर मारेकऱ्यांपासून पळताना ओरडतो, ‘इन्फमी! इन्फमी! दे हॅव ऑल गॉट इट इन फ मी!’ मूळ कोटी फ्रँक म्यूर आणि डेनिस नॉर्डन या जोडीच्या रेडिओ कार्यक्रमातली. पहिला ‘इन्फमी’ म्हणजे बदनामी, विश्वासघातकी नीचपणा, अगदी रोमन नाटकाला शोभेल असा शब्द. दुसरा ‘इन फॉर मी’. यातल्या ‘फॉर’चा ‘र’ गेला, स्वर आखडला आणि उरला नुसता ‘फ’. पण उच्चार जुळला एवढ्याने काम भागत नाही. ‘टु हॅव इट इन फॉर समबडी’ म्हणजे एखाद्यावर डूख धरणं हा वाक्प्रचार माहीत हवा, आणि सीझरला त्याच्याच माणसांनी मारलं हेही. उच्चार, वाक्प्रचार, संदर्भ अशी तीन कुलपं आहेत, आणि तिन्ही उघडली तरच हसू. तुमचं बहुतेक वेळा पहिल्यावरच अडतंय.

‘फॉर’सारखे आखडणारे शब्द थोडेच आहेत, पण तेच सारखे येतात: ऑफ, टु, ॲन्ड, हॅव, फ्रॉम, ॲट, कॅन, हर. वाक्यात जोर नसताना यांचा स्वर ‘अ’सारखा मिटतो. ते वेगळे पाठ करायची गरज नाही, फक्त वाक्यात ते कसे मिटतात ते आठवडाभर मुद्दाम ऐका.

आता सरावाबद्दल. आठवड्याला एकच तुकडा घ्यायचा, पाच-सात मिनिटांचा, आणि रोज पंधरा-वीस मिनिटं द्यायची. जुन्या कार्यक्रमांत स्टुडिओतल्या प्रेक्षकांचं हसू ऐकू येतं, ती तुमची खूण. पहिल्या दिवशी डोळे मिटून नुसतं ऐका आणि प्रत्येक हशाच्या आधीचे चार-पाच शब्द जसे ऐकू आले तसे देवनागरीत लिहा. स्पेलिंगमध्ये लिहू नका, नाहीतर हात पुन्हा जुन्या सवयीने ‘र’ आणि ‘ह’ घुसडेल. दुसऱ्या दिवशी सबटायटल लावून ताडून बघा आणि प्रत्येक हशापुढे कारण लिहा: उच्चार, वाक्प्रचार, व्याकरण, संदर्भ की नुसता अभिनय. संदर्भाचा असेल तर शोधून मोकळ्या व्हा, त्यावर डोकं आपटू नका. पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या खासदाराचं नाव आज तुमच्या ऑफिसातल्या पंचविशीतल्या मुलांनाही माहीत नसतं. तिसऱ्या दिवशी ते वाक्य त्याच उच्चारात मोठ्याने म्हणा, एकदा एक अर्थ मनात धरून, एकदा दुसरा. या पायरीवर पुष्कळ जण लाजतात आणि ती गाळतात, आणि मग कान बदलत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा सबटायटलशिवाय. दर शब्दाला थांबवून अर्थ बघत बसू नका, विनोदाची लय त्यातच मरते.

रेडिओ यासाठी टीव्हीपेक्षा बरा, कारण तिथे वाचायला काही नसतंच. रेडिओ ४ वरचा ‘आय अ‍ॅम सॉरी आय हॅव्हन्ट अ क्लू’ हा कार्यक्रम १९७२ पासून चालू आहे. त्यात ‘अक्सब्रिज इंग्लिश डिक्शनरी’ नावाची फेरी असते: नेहमीचा शब्द घ्यायचा, तो भलत्या जागी तोडायचा आणि नवा अर्थ द्यायचा. शब्द कानाने तोडायचा यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही. बीबीसी साउंड्सवर रेडिओ ऐकायला टीव्ही लायसन्स लागत नाही. आयप्लेअरवर बघायचं असेल तर मात्र लागतं, एवढं लक्षात असू द्या.

संस्कृतचा उपयोग नाही म्हणता? ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या मॉन्टी पायथन नावाच्या विनोदी गटाच्या १९७९ च्या चित्रपटातला एक प्रसंग तुमच्यासाठीच आहे असं समजा. रोमन सत्तेखालच्या जेरुसलेममध्ये ब्रायन रात्री भिंतीवर ‘रोमन लोकहो, घरी चालते व्हा’ असं लॅटिनमध्ये रंगवतो: ‘रोमानेस एउंट डोमुस’. मागून शिपायांचा नायक येतो. घोषणेबद्दल त्याचा राग नाहीच, त्याचा राग व्याकरणावर! कान पिरगाळून तो रूपं म्हणायला लावतो. ‘रोमानुस’चं अनेकवचनी संबोधन ‘रोमानेस’ होत नाही, ‘रोमानी’ होतं. ‘एउंट’ हा वर्तमानकाळ, तृतीय पुरुष अनेकवचन, म्हणजे ‘ते जातात’. इथे आज्ञा आहे, तीही अनेकांना, म्हणून ‘इते’. ‘डोमुस’ ही प्रथमा. घराकडे जाण्याची गती दाखवायची तर ‘डोमुम’. ब्रायन घाबरून चतुर्थी म्हणतो तेव्हा तलवार थेट गळ्याशी येते. शेवटी शिक्षा: उजाडायच्या आत शंभर वेळा लिहून काढ. सकाळी अख्खी भिंत रोमनांना हाकलणाऱ्या शुद्ध वाक्यांनी भरलेली असते.

आता हेच संस्कृतात करा: ‘रोमकाः गृहं गच्छत’. अनेकवचनी संबोधन, लोट् लकार (आज्ञार्थ) मध्यमपुरुष बहुवचन आणि गतीच्या अर्थाची द्वितीया. ‘रामः ग्रामं गच्छति’ घोकलेल्या माणसाला ‘डोमुम’ समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या सहकाऱ्यांपैकी ज्यांनी शाळेत लॅटिन केलं नाही ते या प्रसंगात ओरडणाऱ्या मास्तराला हसतात, तुम्ही विभक्तीलाही हसू शकता. आणखी एक सांगतो. चित्रपटात ब्रायन ‘डोमुम’ला अधिकरणाची, म्हणजे आपल्या सप्तमीच्या जातीची विभक्ती म्हणतो आणि नायक ते मान्य करतो. खरं तर ‘डोमुम’ ही द्वितीयाच. ‘घरी असणे’ या अर्थाचं अधिकरण ‘डोमी’ होतं. लिहिलेलं वाक्य बरोबर, विभक्तीचं नाव चूक. पुढच्या वेळी कोणी हा प्रसंग काढला तर हे जरूर सांगा.

‘येस मिनिस्टर’मधल्या त्या सचिवाच्या, सर हम्फ्रीच्या, वाक्यांसाठी मात्र कान पुरत नाही, पेन्सिल लागते. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी लिहिलेल्या या मालिकेत १९८२ च्या ‘द स्केलेटन इन द कबर्ड’ या भागात एक वाक्य आहे. जुनी चूक कोणाची होती हे हम्फ्रीला मंत्र्यापुढे कबूल करायचं आहे. आशय साधारण असा: ज्या अधिकाऱ्याच्या कथित जबाबदारीबद्दल अलीकडे चर्चा झाली त्याची ओळख, पूर्वीच्या काही खुलाशांवरून वाटलं असेल तितक्या अभेद्य अंधारात झाकलेली नाही, आणि ती व्यक्ती म्हणजे आपल्यासमोर बोलणारा ज्याचा उल्लेख ‘पर्पेंडिक्युलर प्रोनाउन’ने, म्हणजे उभ्या सर्वनामाने करतो तीच. मंत्र्याला काही कळत नाही. मग येतात तीन शब्द: ‘इट वॉज आय’. इंग्रजीतला ‘आय’ ही एक उभी रेघ, म्हणून उभं सर्वनाम. आणि कबुली देतानाही हम्फ्री बोलीतलं इंग्रजी ‘मी’ (me) वापरत नाही, व्याकरणाच्या पुस्तकातलं ‘आय’ वापरतो. त्या माणसाचं अख्खं चरित्र त्यात आलं.

अशी वाक्यं सुटतात याचं कारण शब्द अवघड असतात हे नव्हे. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये तो तीन-चार उपवाक्यं भरतो, आणि क्रियापद येईपर्यंत आपण कर्ता विसरतो. वाक्य कागदावर उतरवा. ‘हूज’, ‘व्हिच’, ‘हूम’, ‘ॲज’ यांनी सुरू होणारे तुकडे कंसात टाका. ‘अलेज्ड’, ‘हायपोथेटिकल’ अशी विशेषणं खोडा. उरतं ते ‘ओळख झाकलेली नाही’. मग नकार मोजा, दोन नकार एकमेकांना खातात. चार-पाच वाक्यं अशी सोलली की पुढची ऐकता ऐकताच सुटू लागतात, कारण बांधणी तीच असते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे थांबून वाट बघायची सवय तुम्हाला आहेच.

त्याच मालिकेच्या पुढच्या ‘येस, प्राइम मिनिस्टर’मधले खासगी सचिव बर्नार्डचे ‘अनियमित क्रियापदां’चे विनोद तुम्हाला लगेच जमतील. मी गोपनीय माहिती पत्रकारांच्या कानावर घालतो, तुम्ही ती फोडता, त्याच्यावर सरकारी गुपितांच्या कायद्याखाली खटला चालू आहे. शाळेतल्या मी-तू-तो तक्त्याचा साचा, फक्त पुरुष बदलला की क्रियापदच बदलतं. ही कल्पना बर्ट्रंड रसेलने १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर मांडली होती: मी ठाम, तू हट्टी, तो अडेलतट्टू गाढव. मराठीत करून बघा. मी काटकसरी, तू चिकट, तो चिंधीचोर. स्वतः पाच रचल्यात की दुसऱ्याने केलेली पहिल्या दोन पदांतच ओळखू येईल.

सुरुवात कशाने करू नये हेही सांगायला हवं. आपल्याकडे बहुतेक जण ‘माइंड युअर लँग्वेज’ सुचवतील. लंडनच्या संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी लोकांची ही १९७७ ची मालिका भारतात फार लोकप्रिय झाली. तिच्यावरून हिंदीत ‘जबान संभालके’ आली, पंकज कपूर आणि आपले विजू खोटे यांची. ती समजायला सोपी जाते, पण तिथला विनोद भाषेच्या करामतीवर नाही, शिकणाऱ्याच्या चुकांवर आणि प्रत्येक देशाच्या ठोकळेबाज नमुन्यावर आहे. वर्गातले भारतीय-पाकिस्तानी त्याच साच्यातले. १९७९ मध्ये वाहिनीच्या वरिष्ठांनी याच कारणासाठी ती थांबवली. तुमच्या टेबलावर आज तिचं नाव काढलंत तर अनेकांना अवघडल्यासारखं होईल. त्यापेक्षा ‘फॉल्टी टॉवर्स’चा १९७५ चा पहिला भाग घ्या. हॉटेलमालक म्हणतो, ‘ऑन दोज ट्रेज’वर लोणी फार आहे. बार्सिलोनाहून आलेल्या वेटरला, मॅन्युएलला, वाटतं साहेब स्पॅनिशमध्ये एक-दोन-तीन मोजतायत, आणि तो नम्रपणे उच्चार सुधारून देतो: ‘उनो, दोस, ट्रेस’. मॅन्युएललाही झोडपलं जातंच, पण इथे चूक ऐकणाऱ्याची, आणि चुकूनही तो आपल्या भाषेत अगदी बरोबर!

‘ब्लॅकॲडर’ या मालिकेचा जॉन्सनच्या शब्दकोशावरचा भाग बघाल तेव्हा ‘कॉन्ट्राफिब्युलॅरिटीज’ शोधायला शब्दकोश उघडू नका. तो शब्द नाहीच. कोशकाराला घाबरवण्यासाठी ब्लॅकॲडरने तो जागच्या जागी पाडलेला आहे.

आता जेवणाचं टेबल. न कळता हसू नका. पुढचं वाक्य तुमच्याकडे आलं तर अडचण होते. ‘यू विल हॅव टु एक्स्प्लेन दॅट वन’ एवढं म्हणा, तेही सगळ्यांना नाही, शेजारच्या एकाला, जेवण झाल्यावर. आवडता विनोद समजावून सांगायला लोकांना आवडतं. कोटी कळली तर मोठ्याने हसलंच पाहिजे असंही नाही. ब्रिटनमध्ये कोटीला मिळणारी रीतसर दाद म्हणजे कण्हणं, डोळे फिरवत ‘ओऽह’. तो अपमान समजू नका. त्यांच्यासारखा ‘ह’ मात्र मुद्दाम गिळू नका. तो ओळखायला शिका, वापरायला नको. दुसऱ्याच्या वर्गाची नक्कल केल्यासारखं वाटतं, आणि तुमच्या बोलण्यात सुधारायला हवं असं त्यात काही नाही.

स्वतः सुरुवात करायची तर एका शब्दाच्या कोटीने करा. २०१७ मध्ये बारा बाजूंचं नवं पौंडाचं नाणं आलं. त्याच वर्षी एडिनबराच्या फ्रिंज महोत्सवातला सर्वांत चांगला विनोद म्हणून निवड झाली केन चेंगच्या कोटीची: नवं नाणं मला आवडत नाही, पण तसाही मला सगळाच ‘चेंज’ नापसंत. बदल आणि सुटे पैसे. आपण रोज रिक्षावाल्याशी ‘चेंज नाही’ म्हणून भांडतो, त्यामुळे दोन्ही अर्थ आपल्या तोंडचेच. तो तुम्हाला ऐकल्याक्षणी कळला असणार.

पहिल्या महिन्याचा क्रम असा ठेवा: ‘फोर कॅन्डल्स’, मॅन्युएलची सकाळ, ब्रायनची भिंत, मग ‘येस मिनिस्टर’चा एक भाग पेन्सिल घेऊन. ‘द टू रॉनीज’चंच १९८० चं ‘मास्टरमाइंड’ प्रहसन, डेव्हिड रेनविकने लिहिलेलं, पहिल्या महिन्यात उघडू नका. त्यात कॉर्बेट प्रत्येक वेळी मागच्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि ते चालू प्रश्नाला भलत्याच अर्थाने चपखल बसतं, म्हणजे एका वेळी दोन प्रश्न डोक्यात धरून ठेवावे लागतात. ते दुसऱ्या महिन्यात घ्या.